मनातल्या मनात चालतानाही आई अडकते: पार्किन्सन्स कल्पनेपर्यंत पोचतो का?

मीनल_नौपाडा

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचनमात्र असते, आज धागा काढतेय कारण हा प्रश्न घरात कोणाला विचारला की "तू फार विचार करतेस" एवढंच उत्तर मिळतं.

आई ७१ वर्षांची, पार्किन्सन्स आहे, उजवी बाजू जास्त. थरथर फारशी नाही पण हालचाली मंद झाल्यात आणि मधेच पाय अडकतात, म्हणजे चालायचंय पण पाऊल उचलतच नाही. आमची बिल्डिंग जुनी, स्वयंपाकघराला चांगला दगडी उंबरा आहे, तिथे तर हमखास. आता नवीन फिजिओथेरपिस्ट येतात त्यांनी सांगितलं की खुर्चीत बसा, डोळे मिटा, हॉलपासून ओट्यापर्यंत मनातल्या मनात चालत जा आणि मग उठून तसंच चाला. आईने केलं. डोळे उघडले आणि म्हणाली, "अगं, मनातसुद्धा उंबऱ्यापाशीच थांबले."

आम्ही दोघी हसलो. पण नंतर मला ते डोक्यातून जाईना. कल्पनेत कुठे आलेत स्नायू आणि कुठे आलाय ताठरपणा? मग तिथे का अडकावं? ही भीती आहे, सवय आहे, की आजार खरंच कल्पनेपर्यंत जातो? तुमच्याकडे कोणी असं म्हणालंय का?

(सिंडोपा म्हणजे पार्किन्सन्सची गोळी चालू आहे, न्यूरोलॉजिस्ट चांगले आहेत, डॉक्टर सुचवण्यासाठी हा धागा नाही प्लीज.)

चहाबाज

संध्याकाळी सातला गोखले रोडवर माझे पण पाय अडकतात, आणि घरी येऊन कल्पना केली तरी तिथेच अडकतात. सॉरी, गंभीर धाग्यावर आगाऊपणा. वाचतोय.

घणसोलीची_घार

आजार मेंदूचा आहे ना हो, हातापायाचा नाहीच मुळात. आणि कल्पना करतं कोण, तर मेंदूच. मला यात आश्चर्य नाही वाटलं.

संशयात्मा

घार, इतकं सोपं नाहीये ते. पार्किन्सन्समध्ये डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात त्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या छोट्याशा काळपट भागातल्या. सगळा मेंदू एकदम बसत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, पार्किन्सन्स असून अजून सोसायटीचे हिशोब तोंडी करतात. मग चालण्याची नुसती कल्पनाच का बिघडावी?

आणि मुख्य मुद्दा, दुसऱ्याच्या मनातली हालचाल मोजणार कशी? मी आत्ता कल्पनेत उपवनपासून येऊरच्या गेटपर्यंत पळून आलो, दमही लागला नाही. तपासा आता.

फिजिओताई_नेरूळ

संशयात्मा यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर आहे, स्टॉपवॉच. निरोगी माणसाला सांगितलं की इथून तिथपर्यंत मनात चाला आणि पोचलात की बोट वर करा, तर साधारण खरं चालायला लागतो तेवढाच वेळ लागतो. (तुम्ही येऊरला चुटकीसरशी पोचलात कारण तुम्ही पळालाच नाहीत, फक्त येऊरचं गेट आठवलंत.)

फ्रान्समध्ये मेंदूशास्त्रज्ञ मार्क जानरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर भरपूर काम केलंय. १९९५ चा त्यांच्याच गटाचा एक पेपर आहे, त्यात एकाच बाजूला पार्किन्सन्स असलेल्या लोकांना बोटांची ठरावीक क्रमाने हालचाल करायला लावली, प्रत्यक्षातही आणि नुसती मनातही. आजारी बाजूचा हात प्रत्यक्षात हळू होता हे अपेक्षितच होतं, पण मनातही त्याच बाजूचा हात हळू! म्हणजे कल्पनाशक्ती नाहीशी झालेली नाही, चित्र स्पष्ट दिसतं, सगळे टप्पे आठवतात, पण वेग गेला आणि तोही एका बाजूचा. भीती किंवा डिप्रेशन हे एकच कारण असतं तर दोन्ही हात सारखेच मंदावले असते ना.

आता दुसरी गोष्ट. हालचालीची कल्पना दोन तऱ्हेने करता येते. एक म्हणजे स्वतःला बाहेरून बघणं. दुसरी आतून, म्हणजे टाचेवर वजन आलं, गुडघा वाकला, आता दुसरा पाय पुढे. या दुसऱ्या प्रकारात मेंदूचे जे भाग लागतात त्यातले बरेचसे खरं चालतानाही तेच असतात, बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतले, हालचाल सांभाळणारे भाग) धरून, आणि डोपामिन कमी पडतं ते तिथेच. खरा स्वयंपाक आणि मनातला स्वयंपाक एकाच शेगडीवर चाललाय म्हणा, गॅस कमी आला की दोन्ही रखडणार.

मीनल, आईंना विचारून बघा, त्या स्वतःला बघत होत्या की आतून चालत होत्या. आणि मी त्यांना तपासलेलं नाही, हे सगळं सर्वसाधारण बोलतेय हे लक्षात असू द्या.

वाशी_व्हाया_ठाणे

मनातला स्वयंपाक मी रोज करते, गॅसपण फुल असतो, फक्त घरचे तो जेवत नाहीत.

ऐरोलीचे_अण्णा

मी स्वतः रुग्ण आहे, डावी बाजू. एका बोटाने टाइप करतो, चुका सांभाळून घ्या.

फिजिओताईंनी तो एका बाजूचा प्रकार लिहिलाय तो वाचून मी ताडकन उठलो असं लिहिणार होतो पण आमच्यात ताडकन काही होत नाही. मी हौशी तबलजी, आमच्या भजनी मंडळात बरीच वर्षं साथ केली. नोकरीत असताना लोकलमध्ये बसून मनात तीनताल वाजवत जायची सवय लागली ती अजून आहे. आता मनात वाजवतो तेव्हा उजवा हात तबल्यावर बरोबर चाटेवर पडतो आणि डग्गा मागून येतो. खरा डग्गा उशिरा पडतो त्याचं दुःख नाही, त्याला डॉक्टर आहेत. मनातला डग्गा उशिरा पडायला लागला तेव्हा मात्र मी घाबरलो होतो, वाटलं आता डोकंही चाललं. बायकोला पण बोललो नाही.

एक गंमत सांगतो. नुसती कल्पना न करता तोंडाने बोल म्हटले, म्हणजे पढंत करत करत मनात वाजवलं, तर डावा हात बराचसा जागेवर येतो. मोबाइलवर लेहरा (तबल्याला धरून ठेवणारी, परत परत वाजणारी धून) लावला तर अजून बरा. गोळीचा असर उतरला की मात्र लेहरा असो नाहीतर साक्षात गुरुजी असोत, डग्गा मागेच.

फिजिओताई_नेरूळ

अण्णा, तुमचा प्रतिसाद माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवू का? नाव न सांगता. बाहेरून मिळणाऱ्या तालाला आम्ही क्यू म्हणतो. चालण्यासाठी मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) वापरतो, जमिनीवर रंगीत पट्ट्या मारतो. आपण होऊन हालचाल सुरू करायला बेसल गँग्लियाची मदत लागते, बाहेरून इशारा मिळाला की मेंदू थोडा दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. कल्पना करतानाही क्यू दिला तर ती सुधारते असं दिसलेलं आहे.

ऐरोलीचे_अण्णा

खुशाल दाखवा. फक्त तबलजी बरा होता असं सांगा.

निसर्गस्नेही

एवढं सगळं करण्यापेक्षा खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण सुरू करा, आयुर्वेदात कंपवातावर हजारो वर्षांपासून आहे. साइड इफेक्ट शून्य.

घणसोलीची_घार

निसर्गस्नेही, खाजकुहिलीत लेव्होडोपाच (शरीरात ज्याचं डोपामिन होतं ते) असतं हो, सिंडोपात असतं तेच. म्हणूनच असर होतो आणि म्हणूनच साइड इफेक्ट शून्य असणं शक्य नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण म्हणजे डोस किती गेला याचा पत्ताच नाही. आमच्या शेजारच्या आजोबांनी असंच परस्पर सुरू केलं होतं, मान आणि हात आपोआप वळवळायला लागले, डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत घरच्यांची झोप उडाली होती. घ्यायचंच तर न्यूरोलॉजिस्टला सांगून.

पामबीच_पेडल

जरा वेगळा मुद्दा. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ५८ वर्षांच्या माणसाबद्दल लिहिलं होतं, व्हिडिओपण आहे. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पडत होता, आणि सायकलवर बसवल्यावर पठ्ठ्या मस्त सायकल चालवत गेला, वळून परत आला. उतरल्यावर पुन्हा पाय अडकले. म्हणजे पायाची ताकद, तोल, वेग सगळं होतं, चालण्याचाच प्रोग्रॅम अडकत होता. मग मीनलताईंच्या आईला चालण्याऐवजी सायकलची कल्पना करायला सांगितली तर ती सुरळीत होईल का? कोणी करून बघितलंय?

(पाम बीच रोडवर खरी सायकल द्या असं म्हणत नाहीये. तिथे मीच जीव मुठीत धरून चालवतो.)

चहाबाज

आमच्या हिला सायकल येतच नाही, कल्पनेत पण पडेल.

अ_चित्र

मला डोळे मिटून काहीच दिसत नाही. आईचा चेहराही नाही. याला अफॅन्टेशिया म्हणतात, ॲडम झेमन नावाच्या ब्रिटिश न्यूरोलॉजिस्टने २०१५ मध्ये हे नाव दिलं. पण मी मनात जिना चढू शकतो, दिसत काही नाही पण पायांत कळतं. त्यामुळे ताईंनी सांगितलेले दोन प्रकार वेगवेगळे आहेत हे मला शंभर टक्के पटलं. पार्किन्सन्स नाही मला, सहज सांगितलं.

कळवेकर_खाडीकाठ

इथे सगळे जागेपणाच्या कल्पनेबद्दल बोलताय, मी झोपेबद्दल सांगतो. माझे वडील तरुणपणी कबड्डी खेळायचे, कळव्यात त्यांना अजून त्याच नावाने ओळखतात. आता दिवसा त्यांचा आवाज इतका बारीक की फोनवर "कोण बोलतंय" विचारतात लोक, कूस बदलायला दोन माणसं लागतात. आणि रात्री झोपेत काय, "आउट! आउट! लाइन टच!" असं बिल्डिंगला ऐकू जाईल इतकं ओरडतात आणि लाथ तर अशी मारतात की आईने आता वेगळी गादी घातलीय. एकदा तर आईचा घोटा धरून ठेवला होता, अँकल होल्ड. आई म्हणते दिवसभर उठत नाही हा माणूस आणि रात्री रेड टाकतो.

मग स्वप्नातली हालचाल मंद कशी नाही?

फिजिओताई_नेरूळ

कळवेकर, हे न्यूरोलॉजिस्टना सांगितलंय का? नसेल तर नक्की सांगा. याला रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत हातपाय मारणं, ओरडणं; पार्किन्सन्समध्ये बऱ्याच जणांना असतो आणि कित्येकदा आजाराच्या आधी काही वर्षं सुरू होतो. औषधं आहेत त्यावर. पलंगाजवळचं टोकदार सामान हलवा, आईंनी वेगळी गादी घातली ते उत्तमच केलं.

तुमच्या प्रश्नावर फ्रेंच डॉक्टरांचा २००७ चा अभ्यास आहे. त्यांनी रुग्णांच्या जोडीदारांना विचारलं आणि झोपेतले व्हिडिओही घेतले. दिवसा मंद असणारे लोक या झोपेत जोरात, वेगात, सुटसुटीत हालचाल करत होते आणि आवाजही मोठा. औषधाचा असर उतरलेला असताना! त्यांचा अंदाज असा की रेम झोपेत हालचालीचा आदेश बेसल गँग्लियाला वळसा घालून जात असावा. म्हणजे डोळे मिटून मुद्दाम केलेली कल्पना आणि स्वप्न या दोन वेगळ्याच गोष्टी दिसतात.

ऐरोलीचे_अण्णा

मी झोपेत तबला वाजवतो का ते बायकोला विचारलं. म्हणाली तुम्ही झोपेत फक्त घोरता, आणि तेही बेताल.

संशयात्मा

परत आलो. जानरोंच्या गटाचा पेपर शोधून वाचला, मोजमापाचा मुद्दा मान्य. पण मीनलताईंचा प्रश्न मंदपणाचा नाहीच, अडकण्याचा आहे, आणि तिथे गोष्ट उलटी दिसतेय. २०११ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या लोकांनी पाय अडकणाऱ्या रुग्णांना वेगवेगळ्या रुंदीच्या दारांतून चालायला लावलं आणि त्याच दारांतून चालण्याची कल्पनाही करायला लावली. दार अरुंद झालं की खरं चालणं जास्तच मंदावलं, पण कल्पनेतलं चालणं त्या मानाने कमी मंदावलं. म्हणजे मनातला माणूस पुढे गेला आणि खरा मागे राहिला. आणि या दारातून आपण जाऊ शकतो की नाही याचा अंदाजही त्यांचा बिघडलेला नव्हता.

आता जर इतर अडकणारे लोक कल्पनेत दारातून बऱ्यापैकी पार होतात, तर मीनलताईंच्या आई उंबऱ्यापाशी का थांबतात? माझा अंदाज, त्या चालण्याची कल्पना करतच नाहीयेत, त्यांना आधीचं अडकणं आठवतंय. आठवण वेगळी, कल्पना वेगळी.

मीनल_नौपाडा

सगळ्यांचे खूप आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं म्हणून इथे यायला जमलं नाही, तो वेगळाच विषय.

संशयात्मा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आईला नीट विचारलं की मनात नेमकं काय दिसतं. तर म्हणते, "मी पाठमोरी दिसते, निळ्या गाऊनमध्ये, आणि थांबते." निळा गाऊन! मी मागे डॉक्टरांना दाखवायला मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, मागून, त्यात ती निळ्या गाऊनमध्ये उंबऱ्यापाशी थांबलीय. तो व्हिडिओ आम्ही तिला पण दाखवला होता. ती मनात चालत नव्हतीच, तो व्हिडिओ बघत होती!!

घणसोलीची_घार

आई गं. काटा आला.

गावदेवी_गोट्या

संशयात्मा यांना कोणीतरी चहा पाजा. चहाबाज, तुम्हीच.

चहाबाज

मामलेदारची मिसळ पण देतो, पण कल्पनेत.

फिजिओताई_नेरूळ

वा, हे छान सापडलं. मीनल, आता आईंना आतून करायला सांगा. डोळे मिटायच्या आधी बसल्या बसल्या तळवे जमिनीवर दाबू देत, वजन डाव्या पायावर, मग उजव्यावर, आणि मग ते जाणवणं मनात न्यायचं. गाऊन दिसला की सोडून द्यायचं आणि पुन्हा तळव्यांवर यायचं.

पण बघण्याला अगदीच बाद करू नका. नेदरलँड्समध्ये २००७ साली केलेला एक अभ्यास आहे. हाताची वेगवेगळ्या कोनात फिरवलेली चित्रं दाखवून हा डावा की उजवा असं विचारायचे, म्हणजे माणूस मनात स्वतःचा हात वळवून बघतो. पार्किन्सन्सवाल्यांची उत्तरं इतरांइतकीच बरोबर होती. फरक एवढाच की आजारी हाताच्या वेळी त्यांच्या मेंदूतला शरीर बघण्याशी संबंधित असलेला भाग जास्त काम करत होता. हालचालीचा भाग कमी पडला तिथे डोळ्यांच्या भागाने हात दिला असं म्हणता येईल. त्यामुळे बघायचंच तर अडकलेला नाही, पार गेलेला व्हिडिओ बघू दे. उंबऱ्याच्या अलीकडे रंगीत चिकटपट्टी आडवी लावा, ती ओलांडताना चांगली चाललेली क्लिप काढा आणि ती दाखवा.

संशयात्मा

एक रोखठोक प्रश्न. या सगळ्याने प्रत्यक्षात चालणं सुधारतं का? की छान वाटतं म्हणून करायचं?

फिजिओताई_नेरूळ

रोखठोक उत्तर, निकाल दोन्हीकडचे आहेत. इस्रायलमध्ये २००७ साली व्यायाम अधिक कल्पना विरुद्ध नुसता व्यायाम अशी तुलना केली, त्यात कल्पना जोडलेल्या गटाच्या हालचाली जास्त वेगवान झाल्या. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ४७ रुग्णांवर केलं, तिथे कल्पनेचा सराव आणि नुसतं रिलॅक्सेशन यांच्यात ठळक फरक दिसला नाही. मी स्वतः वापरते ते व्यायामाला जोड म्हणून, व्यायामाच्या ऐवजी कधीच नाही. खुर्चीत बसून कल्पना करतो म्हणून आज चालायचं नाही, हे चालणार नाही.

वाशी_व्हाया_ठाणे

अवांतर आहे पण विचारते. माझ्या मिस्टरांची सही इतकी बारीक झालीय की बँकेने चेक परत पाठवला. हेही त्यातलंच का? कल्पनेतलं अक्षर पण बारीक होतं का?

ऐरोलीचे_अण्णा

वहिनी, त्यातलंच. माझीही सही मुंगीएवढी झाली होती. दुरेघी वही आणा लहान मुलांची, दोन रेघांच्या मधे लिहिलं की अक्षर आपोआप मोठं येतं. बँकेत जाऊन नवीन नमुना सही देऊन टाका, नाहीतर दर वेळी हेलपाटा. मनातल्या अक्षराचं माहीत नाही, मनात मी सही करत नाही, पैसे जातील.

आणि एक सांगतो, १८१७ साली त्या जेम्स पार्किन्सन डॉक्टरने या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसं बघून, आणि त्यातली काही तर त्याने नुसती रस्त्यात बघितलेली! चाल बघूनच ओळखलं. आज तलावपाळीला चक्कर मारली तर त्याला आमच्यासारखे किती सापडतील.

गावदेवी_गोट्या

आमच्या आजोळी एक काका होते, घरात अडकायचे पण दिंडीत टाळ हातात दिला की पावली खेळत जायचे. तेव्हा लोक म्हणायचे विठ्ठलाची कृपा. आता अण्णांचा लेहरा वाचून वाटतं टाळाचा पण हात असेल त्यात. कृपा आहेच, ती काढून घेत नाहीये.

नवीन_सभासद_खारघर

नमस्कार, सासऱ्यांना नुकतंच निदान झालंय. इकडे कुठे सपोर्ट ग्रुप आहे का?

घणसोलीची_घार

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, २००१ पासून काम करतेय, त्यांचे गट बऱ्याच ठिकाणी भरतात. त्यांना फोन करून तुमच्या जवळचा कुठला ते विचारा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांचं मराठीत भरपूर साहित्य आहे, ते आधी वाचा.

मीनल_नौपाडा

अपडेट देते. चिकटपट्टी लावली, पिवळी, आई म्हणाली घराचं रेल्वे स्टेशन केलंस. तळव्यांपासून सुरू केल्यावर गाऊन दिसायचा कमी झाला, पण आतून चालताना आता वेगळंच होतं, थांबत नाही पण ओट्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. मी घड्याळ लावलं तर जवळजवळ खरं चालायला लागतो तेवढाच. म्हणजे फिजिओताई म्हणतात तो मंदपणा आहेच, आणि अडकणं जे होतं ते व्हिडिओचं होतं. माझ्या मूळ प्रश्नाची अशी दोन वेगळी उत्तरं निघतील असं वाटलं नव्हतं.

खरं चालताना पट्टीमुळे उंबरा बऱ्याचदा पार होतो, संध्याकाळी गोळीची वेळ जवळ आली की नाही होत. मोदकाच्या कळ्या मनात पाडून बघ म्हटलं तर म्हणाली, "मनात कशाला, उकड काढ की." काढली. कळ्या कमी आणि जाड आल्या, पण मोदक फुटला नाही एकही.

अण्णा, लेहरा कुठल्या लयीत लावू तिला चालण्यासाठी?

ऐरोलीचे_अण्णा

मी विलंबित म्हणणार होतो पण हा प्रांत ताईंचा.

फिजिओताई_नेरूळ

आधी आईंची नेहमीची पावलं मोजा, गोळी लागू असताना, एका मिनिटात किती पडतात. तेवढ्याच लयीवर सुरू करा किंवा किंचित कमी. जास्त वेगाचं लावलं की पावलं छोटी छोटी होत जातात आणि उलट जास्त अडकायला होतं. आणि लेहरा चालू असताना त्यांच्याशी बोलू नका, कोणी हातात काही देऊ पण नका, एका वेळी एकच काम. सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभं हवंच.

चहाबाज

मोदकांचा फोटो कुठाय?